अंगठ्याशेजारचं बोट

१

चारकोप नावाचं एक नगर होतं. नगराला राजा नव्हता, सेक्टर होते. त्यातल्या एका सेक्टरात, एका बैठ्या घरात तीन माणसं राहायची. शेवंती नावाची म्हातारी, तिचा नातू नितेश, आणि नातसून जान्हवी. म्हातारी म्हणजे मी. नितेशचे आईबाप तो शाळेत जायच्या आतच गेले, म्हणून त्याला मीच वाढवला. त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात पाळणा नव्हता. त्यावरून आम्ही एकमेकांना टोचून बोललो नाही. दमलेल्या माणसांना भांडायलाही जोर लागतो.

जान्हवी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. नितेश औद्योगिक वसाहतीत पावर प्रेसवर होता. वरून ठोका पडायचा, खाली स्टीलच्या डब्याचं झाकण तयार. पत्रा सरकवायचा, हात मागे घ्यायचा, ठोका. पत्रा, हात, ठोका. प्रेसच्या तोंडाला जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. पण जाळी असली की काम हळू होतं, म्हणून सगळेच ती सुतळीने वर बांधून ठेवायचे. नितेशही बांधायचा.

त्या दिवशी मी डाळीला फोडणी देत होते. आकाशचा फोन आला. आकाश नितेशच्या बाजूच्या प्रेसवरचा, त्याचा जिवाचा मित्र. म्हणाला, आजी, घाबरू नका, नितेशला लागलंय, तुम्ही निघा. घाबरू नका असं कोणी म्हटलं की किती लागलंय ते कळतं. मी गॅस बंद केला. फोडणी जळली होती, तो वास कितीतरी दिवस माझ्या नाकात राहिला.

उजव्या हाताची दोन बोटं तुटली होती. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

मधलं बोट तिथल्या तिथे सापडलं. ते आकाशने नीट आणलं, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी बर्फावर. तसं करायचं असतं हे भिंतीवर चित्र काढून लावलेलं होतं. अंगठ्याशेजारचं मात्र सापडेना. झाकणांच्या ढिगात शोधता शोधता वेळ गेला. सापडलं तेव्हा आकाशचं डोकं चालत नव्हतं. गेटावर मासेवाली बसायची. त्याने ते बोट तसंच उघडं तिच्या टोपलीतल्या बर्फात खुपसलं. जेवढं थंड तेवढं चांगलं, असं त्याला वाटलं. पापलेटांच्या बाजूला ठेवून आणलं त्याने ते.

२

डॉक्टरीण गंधाली नावाची, वयाने आमच्या जान्हवीएवढी. ऑपरेशनला आत गेली ती दिवस मावळला तरी बाहेर येईना. आली तेव्हा तिच्या कपाळावर दुर्बिणीचा वळ उठला होता. मला म्हणाली, आजी, केसाहून बारीक दोऱ्याने शिवलंय, रक्ताच्या नळ्या पण जोडल्यात. मधल्या बोटाचं चांगलं दिसतंय. दुसऱ्याला बर्फाने भाजलंय, तरी जोडलंय, बघू.

बर्फाने भाजतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नितेशला एका उबदार खोलीत ठेवला. पंखा बंद, खिडकी बंद, हातावर पिवळ्या दिव्याचा झोत. चहा बंद, तंबाखू बंद, कोणी ओढून आलं असेल तर त्याने जवळसुद्धा जायचं नाही. नर्स येऊन बोटांचा रंग बघायची, नखावर दाबायची आणि जायची. खोलीत एकच आवाज, कसल्यातरी यंत्राची टुकटुक. मी त्या टुकटुकीवर डुलक्या काढायचे आणि दचकून उठायचे. मला दर वेळी प्रेसचा ठोका ऐकू आलेला असायचा.

मग बोटं काळीनिळी पडायला लागली. रक्त आत जात होतं, बाहेर पडत नव्हतं. डॉक्टरणीने जळवा मागवल्या. जान्हवी तोंड फिरवून बाहेर गेली. मला जळवांचं काही वाटलं नाही. मालवणात भाताच्या खाचरात पोटऱ्यांना चिकटायच्या, त्या आम्ही मीठ टाकून सोडवायचो.

मधल्या बोटाला लावलेली जळू लगेच चिकटली, पिऊन टम्म झाली आणि गळून पडली. दुसऱ्या बोटाला लावलेली फिरत राहिली. नखाकडे गेली, टाक्यांपाशी गेली, परत आली. तिने तोंड लावलं नाही. नर्सने दुसरी बदलून बघितली. तीही नाही.

जळू मेलेल्याला तोंड लावत नाही, हे खाचरात उभ्या राहिलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. पुढे ते बोट कोळशासारखं झालं आणि डॉक्टरणीने काढून टाकलं.

३

काढलेलं बोट हॉस्पिटलवाले जाळायला पाठवतात म्हणे, इतर घाणीबरोबर. मी म्हटलं, ते मला द्या. डॉक्टरीण म्हणाली, आजी, कशाला? मी म्हटलं, बाळाची नाळसुद्धा आम्ही उकिरड्यावर टाकत नाही, आणि हे तर हाताला धरून मी चालायला शिकवलेल्या पोराचं बोट. तिने कागदांवर कुठेकुठे माझा अंगठा घेतला आणि दिलं. औषधाच्या वासाची लहानशी बरणी होती. बरणी पदराखाली धरून मी आकाशने आणलेल्या रिक्षात बसले.

आता त्याचं करायचं काय. अग्नी देता येत नव्हता. जिता माणूस खाटेवर झोपलेला असताना त्याच्या अंगाचा तुकडा चितेवर ठेवला तर तो त्याचाच विधी सुरू केल्यासारखा होतो, असं आमच्याकडे मानतात. पाण्यात सोडावं तर खाडीत कुत्री फिरतात. राहिली माती.

आमच्या भागातल्या स्मशानात धोंडिराम नावाचा रखवालदार आहे, आमच्याच गावाकडचा. मी त्याला बरणी दाखवली. तो डोकं खाजवत उभा राहिला. म्हणाला, मावशी, इथे मोठ्यांना चिता. माती फक्त दात न आलेल्या पोरांना. दुसरीकडे खणायची मला परवानगी नाही.

कुंपणाला लागून, तगरीच्या झाडांमागे ती जागा होती. दगड नाही, नाव नाही, नुसते लहान लहान उंचवटे, काही बसलेले, काही ताजे. एकावर रबरी बदक ठेवलेलं होतं, उन्हाने रंग उडालेलं.

"तिथे ठेवू?" मी विचारलं.

"ठेवू या की," धोंडिराम म्हणाला. "पोरांत ठेवतो. सांभाळतील एकमेकांना."

तो हसला. मीही हसले. वाट काढायला माणूस काहीतरी बोलतोच. त्याने दोन उंचवट्यांच्या मध्ये कोपरभर खड्डा केला, मी बोट फडक्यात गुंडाळून ठेवलं, वर दूध शिंपडलं. पोरांवर शिंपडतात तसंच. घरी येऊन आंघोळ केली. हॉस्पिटलात जाऊन नितेशला सांगितलं, मातीला दिलं, बरोबर केलं. त्याने कुठे ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

४

नितेश घरी आला. मधलं बोट जगलं होतं. सुजलेलं, लाकडासारखं ताठ, पण लाल. नखावर दाबलं की पांढरं व्हायचं आणि पुन्हा भरायचं. जान्हवी कामावर जायच्या आधी रोज दाबून बघायची आणि मगच चप्पल घालायची.

एका सकाळी तो म्हणाला, आजी, बोट गार पडलंय. मी माझ्या तळहातात घेऊन मधलं बोट उबवायला लागले.

"ते नाही," तो म्हणाला. "अंगठ्याशेजारचं."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो लाजल्यासारखा हसला.

डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, असं होतं, खूप जणांना होतं. बोट जातं पण मेंदूतली त्याची जागा जात नाही. थंडी वाजते, खाज येते, दुखतं. घाबरायचं नाही. मला ते पटलं. मालक, म्हणजे माझा नवरा, गेल्यावर कितीतरी दिवस मी दोन कप चहा टाकायचे. त्यातलंच हे.

मग एकदा नितेश म्हणाला, ओलं लागतंय. मी खिडकीतून बघितलं तर कोरडं ठणठणीत ऊन. मनात आलं, धोंडिराम तगरीला पाणी घालत असेल. तो विचार मी पोळीबरोबर लाटून टाकला.

पण पुढचं मला लाटता आलं नाही. आम्ही दोघं दुपारी जेवत होतो. कुळथाची पिठी आणि भात. नितेश डाव्या हाताने, चमच्याने खायचा. खाता खाता त्याचा चमचा खाली पडला. तो नुसता नसलेल्या बोटाच्या जागेकडे बघत होता. म्हणाला, आजी, वर काहीतरी ठेवलं गं. बाजूला. जड आहे, पण फार जड नाही.

माझा घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, शिरा जुळतायत, जेव.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्ताने स्मशानाकडे गेले. मनाला म्हटलं, बघून यायचं, म्हणजे किडा जाईल. तगरीमागे गेले. आमच्या खड्ड्याला लागून माती ताजी होती. ओली, फावड्याने चोपलेली, वर झेंडूची पाकळी. धोंडिराम चहा पीत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, काल आणलं होतं मावशी, दुपारी, जेवायच्या वेळेला. पाहुणं म्हणून आलं आणि गेलं बिचारं.

भाजी न घेताच परत आले.

५

बोट जगलं म्हणजे काम झालं असं नसतं. ते वाकवावं लागतं. आत शिरा चिकटून बसतात, रोज रडत रडत सोडवाव्या लागतात. डॉक्टरणीने नितेशला मऊ चेंडू दिला होता आणि बजावलं होतं, आत्ता वाकलं नाही तर हे बोट कायमचं खिळ्यासारखं उभं राहील, मग असून अडचण. कारखान्याच्या मालकांनी कबूल केलं होतं की प्रेसवर नको, झाकणं तपासायच्या टेबलावर घेतो. पण हातात झाकण धरता आलं पाहिजे. एवढ्यावर आमचं घर टांगलेलं होतं. त्या एका बोटाच्या वाकण्यावर.

सुरुवातीला तो करायचा. नंतर चेंडू खाटेखाली जायला लागला. मी वाकून काढून द्यायचे, तो परत सरकवायचा. जान्हवी उभं राहून राहून सुजलेले पाय घेऊन यायची आणि त्याचा हात स्वतःच्या मांडीवर घ्यायची. तो हिसडून काढून घ्यायचा. एकदा ती म्हणाली, अरे माझ्यासाठी नको करू, स्वतःसाठी तरी कर ना. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

डॉक्टरणीला तर तो म्हणाला, मॅडम, हे मधलंही काढून टाका. हात मनगटापासून काढा. मला चालेल. तिने त्याचा हात हळूच खाली ठेवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, हे मनाचं आहे, त्याला बोलतं करा.

म्हणून एका दुपारी मी त्याच्या खाटेशी बसले. बाहेर कोणाच्या तरी घरी मिक्सर चालला होता. जान्हवीला सुट्टी होती, ती आत भांडी घासत होती. मी म्हटलं, सांग झिला, काय होतं?

"बोट धरलंय गं आजी."

"कोणी?"

"मला काय माहीत. लहान मूठ आहे. ओली."

मिक्सर थांबला. मी विचारलं, सोडत नाही? तो म्हणाला, सोडत नाही. आधी नुसतं धरलेलं असायचं, त्याचं काही नाही. पण मी चेंडू दाबला की ती मूठ घट्ट होते. बोट वाकवायला जातो तेव्हा पलीकडून कोणीतरी तोल सावरून उठल्यासारखं वाटतं. दाबलं की एक पाऊल. दाबलं की एक पाऊल. मी व्यायाम करत नाहीये आजी, मी कोणालातरी घरी आणतोय.

मी त्याला कुठे पुरलंय ते सांगितलेलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. मी त्याच्या हाताकडे बघत बसले. ते ताठ, जांभळट, शिवलेलं बोट. केसाहून बारीक दोऱ्याने एका पोरीने दिवसभर मान मोडून शिवलेलं. आणि त्याच्या बाजूची ती रिकामी जागा. मला फार थकवा आला. ज्या थकव्याला झोप लागत नाही, तसला.

"मग येऊ दे," मी म्हटलं. "येऊ दे एकदाचं. पण तू बोट वाकव."

आत भांड्यांचा आवाज थांबला. नितेशने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खाटेखालून चेंडू काढला आणि त्याच्या तळहातात ठेवला. त्याने डोळे मिटून दाबला.

६

त्यानंतर त्याने एक दिवस चुकवला नाही. घामाने उशी भिजायची. बोट आधी केसभर वाकलं, मग गव्हाच्या दाण्याएवढं. डॉक्टरीण खूश झाली, मोजपट्टी लावून बघायची आणि शाबासकी द्यायची. मला म्हणाली, आजी, काय जादू केलीत? मी म्हटलं, रागावले जरा.

तो चालायलाही जायला लागला. सकाळी उन्हात निघायचा, नाक्यापर्यंत जाऊन यायचा. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसायचे.

एका सकाळी तो परत येताना मला लांबून दिसला. आमची गल्ली सरळ आहे, नाक्यापासून घरापर्यंत सगळं दिसतं. भर ऊन होतं, माणसं होती, भंगारवाला ओरडत होता. नितेश हळू चालत होता. फार हळू. उजवा खांदा खाली झुकलेला, उजवा हात अंगापासून जरा लांब, तिरका. मला वाटलं, हात दुखतोय. मग बघितलं की तो पावलं आखडून टाकतोय. आपली नाहीत अशी पावलं, छोटी. एकदा थांबला, कोणीतरी मागे काहीतरी बघत उभं राहिलं असावं तसा वाट बघत थांबला, मग चालला.

आमच्या घरासमोर गटारावरची लादी फुटलेली आहे. आम्ही सगळे ती ओलांडूनच येतो. नितेश तिथे आला, त्याने स्वतःचा पाय अलीकडे टाकला. मग वळला आणि उजवा हात अलगद वर उचलला, खांद्यापर्यंत, आणि अलीकडे आणून खाली सोडला.

माझ्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ ओट्याखाली गेले.

तो वर आला, म्हणाला, काय झालं आजी? मी म्हटलं, तू हात का उचललास? तो म्हणाला, कधी?

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो आत जाऊन पाणी प्यायला. मी तांदूळ भरत राहिले. मागे दाराचा पडदा हलत होता. तो जाऊन बराच वेळ झाला होता, पण पडदा हलत होता, खालच्या बाजूने. वारा असेल असं मी म्हटलं. चारकोपात वारा असतोच, खाडी जवळ आहे.

७

त्याच सुमारास जान्हवीला दिवस गेले. इतक्या वर्षांनी. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती दुकानाच्या गणवेशातच खाली बसली आणि रडली. शेजारणी म्हणाल्या, बाळाच्या पायगुणाने घर सावरलं. ते खरंच. नितेशचं बोट मुठीत मिटायला लागलं. त्याला तपासणीच्या टेबलावर घेतलं. आकाश येऊन माझ्या पाया पडला, म्हणाला, ते बर्फाचं माझ्याकडून झालं आजी. मी म्हटलं, जाऊ दे रे, मधलं तूच वाचवलंस.

त्या महिन्यांत नितेशने बोटाचं एकदाही नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, आता नाही गं धरत. सुटलंय. गेलं असेल.

मुलगी झाली. गोरी, भरल्या अंगाची, टाहो फोडून रडणारी. नर्सने माझ्या मांडीवर दिली. मी आजवर जेवढी बाळं घेतली, त्या सगळ्यांच्या तळहातात बोट ठेवलं की मूठ मिटते. न शिकवता मिटते. मी हिच्या तळहातात माझं बोट ठेवलं. हात उघडाच राहिला. दुसऱ्या हातात ठेवलं. तोही. नर्सला दाखवलं, डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, म्हणाले, उत्तम आहे बाळ, थकलं असेल.

थकलं असेल. लांबून आलं की थकतंच.

नितेश आत आला. हात धुऊन, पुसून, भीत भीत त्याने उजवा हात पुढे केला. बाळ रडायचं थांबलं. तिने मूठ मिटली. मधल्या बोटावर नाही. त्याच्या शेजारी, जिथे काही नव्हतं तिथे. मी वाकून बघितलं. मूठ पुरती मिटली नव्हती. आत बोटाएवढी जागा होती, आणि तिची नखं घट्ट धरल्यासारखी पांढरी झाली होती.

नितेशचा चेहरा मी बघत होते. आधी तो पांढरा पडला. मग हळूहळू सैल झाला, दिवसभराचं ओझं उतरवलेल्या माणसाचा होतो तसा.

"हीच मूठ," तो हळूच म्हणाला. "आजी, हीच."

जान्हवीने खाटेवरून विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, तुझ्यासारखी दिसते म्हणतोय.

तेव्हापासून त्याचा हात दुखत नाही. गारठ्यातही नाही, याचं डॉक्टरणीला नवल वाटतं. नोकरी कायम झाली. जान्हवीला दूध भरपूर. पोर रडत नाही, आजारी पडत नाही. बाप कामावरून आला की त्याच्या उजव्या हाताशी जाऊन, रिकामी जागा धरून गुपचूप झोपते. आम्ही उतत नाही, मातत नाही, आलेल्याला जपतो. आमच्या घराला सुख आलं. उशिरा आलं, पण आपल्या पायांनी चालत आलं.